पाकिटावरचे ३२ किलो: एका जिप्सीच्या हेडचं प्रकरण

गाडी परत आली ती फेब्रुवारीच्या शेवटी, दोन तक्रारी घेऊन. पहिली, ६,३०० आरपीएमच्या आसपास इंजिन मिसिंग मारतं, आवाज फाटल्यासारखा होतो आणि काटा पुढे सरकत नाही. दुसरी, जोरात पळवून रेस सोडली की मागून निळा धूर येतो. "अण्णा, सगळं तुम्हीच बसवलंय," मालक म्हणाला. पोरगा मोहोळकडचा, घरचा ऊस आहे, आणि मातीवरच्या ऑटोक्रॉसचं वेड आहे. आवाजात राग नव्हता, म्हणूनच जरा जास्त लागलं.

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं हेडचं, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे बसतात त्या इंजिनाच्या वरच्या भागाचं, काम चालतं. सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) कापणं, गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) बदलणं, हेडला फेस मारणं (तळ सपाट करणं), बोरिंग. रोजचं गिऱ्हाईक म्हणजे टेम्पो, ट्रॅक्टर आणि जुन्या गाड्या. शर्यतीचं इंजिन वर्षातून दोन-तीनदा येतं. या जिप्सीवर आम्ही जे केलं, त्यात चूक कुठे झाली आणि ती कशी सापडली, ते इथे आकड्यांसकट लिहितोय. आकडे या एका हेडचे आहेत. तुमच्या हेडवर ते जसेच्या तसे लावू नका.

इंजिन १,२९८ सीसीचं, चार सिलेंडर, आठ व्हॉल्व्ह, वर एकच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि तो पट्ट्यावर फिरणारा. बोर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी. कार्ब्युरेटरचं मॉडेल. रॉकर म्हणजे मध्ये टेकवलेली तरफ: एक बाजू, म्हणजे पॅड, कॅमवर घासते, दुसऱ्या बाजूला टॅपेटचा स्क्रू आणि चेकनट, तो स्क्रू व्हॉल्व्हच्या टोकावर दाबतो. स्ट्रोक लहान असल्यामुळे खालची बाजू फिरायला कुरकुर करत नाही. ७,००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.६ मीटर होतो, आणि शर्यतीच्या इंजिनाला हा वेग फार नाही. जे अडतं ते वर अडतं.

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेची गर्दी सुरू होण्याच्या आधी, मालकाने सामान आणून टाकलं होतं. बाहेरगावी घासून आणलेला कॅम, २७२ अंशांचा, व्हॉल्व्हवर मोजलेली इनलेटची उचल, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते, ९.८ मिमी. मूळ कॅमपेक्षा सव्वा मिलिमीटर जास्त. सोबत आठ जोड स्प्रिंगा, प्रत्येक जोडात बाहेरची एक आणि आतली एक, आणि त्यांच्या मापाच्या वरच्या कॅपा, म्हणजे रिटेनर. व्हॉल्व्ह, लॉक (कॅप दांडीवर धरून ठेवणारे तुकडे) आणि रॉकर जुनेच. स्प्रिंगच्या पाकिटावर छापलं होतं: बसवलेली उंची (व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगला मिळणारी जागा) ३८ मिमी, भार ३२ किलो, दर मिलिमीटरला ३.६ किलो, पूर्ण मिटल्यावर २५.५ मिमी.

मी पहिल्या सिलेंडरच्या इनलेटची उंची मोजली. बरोबर ३८.० आली. बाकीच्या सातांची मोजली नाही. हेड एकच, व्हॉल्व्ह सारखे, कॅपा सारख्या, मग उंची वेगळी कशाला असेल, असं त्या दिवशी वाटलं. दुकानात तीन ट्रॅक्टरची हेडं पडली होती हे कारण सांगता येईल, पण ते कारण नव्हे.

आधी चुकीच्या दारात

मिसिंग म्हटलं की हात पहिल्यांदा करंटकडे जातो. प्लग बदलले, कॉइल बदलून पाहिली, डिस्ट्रिब्युटरची कॅप बदलली. मालकाने तोवर पेट्रोल कमी पडतंय म्हणून जेट मोठा केला होता. ६,३०० ला तेच.

मग डोकं लावलं, जे आधी लावायला हवं होतं. गाडी जागेवर उभी, गिअर न्यूट्रलला, आणि रेस दिली. तरी ६,३०० लाच फाटलं. पेट्रोलची टंचाई किंवा कमजोर ठिणगी साधारणपणे भाराखाली उघडी पडते. सिलेंडरमध्ये हवा कमी भरते तेव्हा ठिणगीला सोपं जातं आणि पेट्रोलही पुरतं. इथे भार नसतानाही त्याच आकड्यावर गडबड होत होती. म्हणजे गडबड वेगाशी बांधलेली होती. वेगाशी बांधलेला भाग म्हणजे कॅम, रॉकर, व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग.

थोडं खोलात सांगतो. व्हॉल्व्ह उघडतो तो कॅमच्या जोरावर, पण बंद होतो तो फक्त स्प्रिंगच्या जोरावर. कॅमचं टोक ओलांडल्यावर व्हॉल्व्ह, कॅप, लॉक आणि रॉकर यांना मागे वळवायचं काम स्प्रिंगचं. वेग वाढला की ही माणसं वळायला तयार नसतात, आणि त्यांचा हट्ट वेगाच्या वर्गाने वाढतो. ६,००० वरून ७,००० ला गेलो तर वेग सतरा टक्क्यांनी वाढला, पण स्प्रिंगवरची मागणी ३६ टक्क्यांनी. स्प्रिंग कमी पडली की रॉकर कॅमला सोडून हवेत तरंगतो, नाहीतर व्हॉल्व्ह सीटवर आपटून पुन्हा उसळी मारतो. उसळला की दाब सुटतो, सिलेंडर तेवढ्यापुरता मेला. कानाला ते मिसिंगसारखंच ऐकू येतं.

पण नवीन, जोड स्प्रिंगा कमी कशा पडल्या? त्या तर मूळपेक्षा कितीतरी कडक.

धुराचा धागा वेगळाच होता. रेस देताना निळा धूर आला असता तर मी रिंगांकडे पाहिलं असतं. रेस सोडल्यावर आला की संशय गाइडच्या सीलवर, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरावर. थ्रॉटल बंद होतो, मॅनिफोल्डमध्ये ओढ वाढते आणि वरचं ऑइल इनलेटच्या गाइडमधून खाली खेचलं जातं. प्लग काढले तर १ आणि ४ नंबरचे ओले, काळपट तेलकट. २ आणि ३ चे कोरडे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, १ आणि ४ चं १२ च्या वर, २ आणि ३ चं साडेअकरा-पावणेबाराच्या आसपास. फरक थोडा, पण मधली जोडी आणि कडेची जोडी अशी सरळ वाटणी झालेली बघून मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. रोग जोड्यांनी वाटला जातो तेव्हा त्याला कारण असतं.

एकाच हेडमध्ये दोन उलटे रोग

हेड उतरवलं. १ आणि ४ च्या इनलेटची रबर सीलं वरून चेपलेली, एकाची ओठी फाटलेली, आणि कॅपच्या खालच्या बाजूला काळ्या रबराचा गोल शिक्का. कॅप खाली येताना सीलवर बसत होती. २ आणि ३ ची सीलं जशी बसवली तशी. पण त्यांच्या सीटवर घासलेली चमकदार पट्टी रुंद झाली होती, लॉकच्या खाचेत आपटल्याच्या खुणा होत्या, आणि ३ नंबरच्या टॅपेटच्या स्क्रूच्या टोकाला बारीक खड्डा पडला होता. मधले दोन सिलेंडर उसळत होते, कडेचे दोन सील खात होते.

मग आठही व्हॉल्व्हची उंची काढली. पद्धत सोपी आहे: स्प्रिंग न घालता व्हॉल्व्ह, कॅप आणि लॉक बसवायचे, कॅप वर ओढून धरायची म्हणजे व्हॉल्व्ह सीटला टेकतो, आणि स्प्रिंग जिथे बसते त्या तळापासून कॅपच्या खालच्या पायरीपर्यंत मोजायचं. टेलिस्कोपिक गेज असलं तर उत्तम, नाहीतर तारेचा तुकडा कापून, घासून, नेमका बसवून तो मायक्रोमीटरने मोजला तरी चालतं. दोन तास लागतात. जानेवारीत ते दोन तास मी वाचवले होते.

इनलेट, एक ते चार: ३८.०, ३९.४, ३९.६, ३८.१. एक्झॉस्ट: ३८.२, ३९.१, ३९.३, ३८.०.

मालकाला फोन केला, गाडी आधी कोणाकडे होती विचारलं. जुन्या मालकाच्या हातात कधीतरी पाणी संपून गाडी चांगलीच तापली होती. अशा वेळी मधले दोन सिलेंडर जास्त भाजतात, हेड मध्ये वाकतं, सीटं गळतात. कुणीतरी २ आणि ३ च्या सीटा कापल्या होत्या, बहुधा दोनदा. सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये तेवढा वर सरकतो, त्याची दांडी स्प्रिंगच्या बाजूला तेवढी बाहेर येते आणि स्प्रिंगला उभं राहायला जास्त जागा मिळते. जास्त जागा म्हणजे कमी दाब.

हिशेब शाळेतल्या पोराला जमेल असा. ३ नंबरच्या इनलेटला १.६ मिमी जास्त. १.६ गुणिले ३.६ म्हणजे ५.८ किलो कमी. पाकिटावर ३२, हेडमध्ये २६.२. स्प्रिंग टेस्टरवर ठेवून ३९.६ ला दाबली, काटा २६ च्या जरा वर थांबला. मालकाने शर्यतीच्या स्प्रिंगचे पैसे मोजले आणि मधल्या जोडीत तो सगळा जोर उंचीतच जिरला. पाकिटावरचा ३२ हा आकडा स्प्रिंगचा म्हणून आपण वाचतो. तो ३८ मिमी या उंचीचा आकडा आहे, आणि उंची हेडची असते.

आणखी एक ढोबळ गणित केलं, निदान बरोबर आहे का हे तपासायला. सीटवरच्या उसळीची मर्यादा भाराच्या वर्गमुळाने सरकते असं धरलं तर २६.२ भागिले ३२ चं वर्गमूळ ०.९० येतं. ६,३०० ला ०.९० ने भागलं तर ७,००० च्या थोडं अलीकडे. मालकाला हवे होते तेच ७,०००. म्हणजे स्प्रिंग निवडताना त्याने चुकीचं काही केलं नव्हतं.

कडेच्या जोडीचा रोग उलटा. तिथे उंची ३८, भार पूर्ण. पण व्हॉल्व्ह बंद असताना कॅपचा तळ आणि सीलचं वरचं टोक यांत १०.१ मिमी, आणि उचल ९.८. उरले ०.३ मिमी. गरम झाल्यावर आणि वेगात सगळं थोडं थोडं हलतं, त्यात हे तीन दशांश संपून जातात. निदान एक मिलिमीटर हवा, दीड असेल तर झोप लागते. २ आणि ३ मध्ये व्हॉल्व्हची दांडी बाहेर आलेली असल्यामुळे कॅपही वर होती, तिथे सीलपर्यंत जवळपास दोन मिलिमीटर मोकळे होते. ज्या कापलेल्या सीटांनी दाब खाल्ला, त्यांनीच सीलं वाचवली.

कॅमवाले काका

सोलापूर म्हटलं की चादर आणि टॉवेल, हे बाहेरच्यांचं सोलापूर. गाड्यांच्या धंद्यातल्या माणसाला आणखी एक सोलापूर माहीत असतं, कॅमशाफ्टचं. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी १९९२ मध्ये इथेच सुरू झाली, आणि सोलापुरात ओतलेले, घासलेले कॅम देशाबाहेरच्या गाड्यांतही फिरतात. त्यामुळे आमच्या गल्लीत कॅमबद्दल बोलणारा एक तरी निवृत्त माणूस सापडतोच. माझ्याकडे संध्याकाळी चहाला येणारे काका त्यातलेच, जन्मभर कॅमच्या शॉपमध्ये. कॅम त्यांच्या हातात दिला.

त्यांनी आधी टोकाकडे पाहिलंच नाही, गोल भागाकडे पाहिलं. "हे बघ, उचल वाढवलीय म्हणजे टोकावर मटेरियल चढवलेलं नाही. खालून गोल भाग उतरवलाय. तुझा रॉकर आता खाली बसतोय."

घासलेल्या कॅमची ही गोष्ट लोक विसरतात. टोक आहे तिथेच राहतं, त्याच्या खालचं वर्तुळ लहान होतं. रॉकरची कॅमकडची बाजू खाली उतरते, व्हॉल्व्हकडची बाजू वर जाते, आणि ते अंतर भरायला टॅपेटचा स्क्रू बाहेर काढावा लागतो. आमच्या हेडवर १ आणि ४ ला स्क्रू मूळ जागेपेक्षा सव्वा मिलिमीटर बाहेर होता. स्क्रू लांब झाला की त्याचं टोक वेगळ्या कमानीत फिरतं, आणि व्हॉल्व्हच्या दांडीवर मध्यभागी दाबण्याऐवजी कडेला सरकतं. दाब कडेला पडला की दांडी गाइडमध्ये आडवी रेटली जाते. २ आणि ३ मध्ये काय होतं? दांडी दीड मिलिमीटर बाहेर आलेली, त्यामुळे स्क्रू जवळजवळ मूळ जागी. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलेलं. काका हसले, "म्हणजे ज्याने हेड जाळलं त्याने तुझं काम केलं की रे."

कॅमच्या कडकपणाची मला काळजी होती. चिल्ड कास्ट आयर्नचा कॅम ओतताना साच्यात टोकांच्या जागी लोखंडी ठोकळे ठेवतात. वितळलेलं लोखंड तिथे झटकन थंड होतं आणि तेवढ्या भागात पांढरं, कार्बाइडचं, काचेसारखं कडक लोखंड तयार होतं. आतला भाग सावकाश थंड होऊन मऊ राहतो. हा कडक थर काही मिलिमीटरचा असतो. मग घासताना किती उतरवलं, हे महत्त्वाचं. काकांनी ओळखीच्या ठिकाणी नेऊन कडकपणा तपासून आणला. रॉकवेल सी मापावर आठही टोकं ५० च्या पुढे. पहिल्या सिलेंडरच्या इनलेटच्या टोकावर बारीक ओरखडे होते, ते कॅप सीलवर बसताना पडलेल्या धक्क्याचे असावेत. "पुन्हा घासायला देऊ नकोस. रॉकरचा पॅड साफ कर, चकाकी दे, आणि हाच चालव." हे ऐकून मालकाचा चेहरा खुलला. त्याला दुसऱ्या कॅमचा खर्च दिसत होता.

पण त्याला आणखी एक गोष्ट सुचली होती. "अण्णा, अजून कडक स्प्रिंगा टाकल्या तर? उंचीबिंची बघायलाच नको." इथे त्याला जरा दमात घ्यावं लागलं. स्प्रिंग म्हणजे आपली कडक भाकरी नव्हे, की जितकी कडक तितकी टिकेल. या इंजिनात रॉकर कॅमवर घासतो, रोलर नाही. दाब वाढवला की तो सगळा त्या घासणाऱ्या पट्टीवर येतो, कॅमचं टोक आणि पॅड आधी खपतात. पट्ट्यावर ताण वाढतो, सीट लवकर बसते, ऑइल तापतं. आणि कडेच्या जोडीत सील तसंच फाटत राहिलं असतं, कारण तिथे दाबाचा प्रश्नच नव्हता. लागेल तेवढा दाब, आणि त्यावर थोडी सूट. त्यापुढचा प्रत्येक किलो इंजिनच खातं.

जुळवाजुळव

खरा इलाज २ आणि ३ ला नवीन सीट बसवण्याचा होता, म्हणजे व्हॉल्व्ह आपल्या मूळ जागी येतो आणि सगळे आकडे सरळ होतात. मालकाकडे वेळ नव्हता, पुढची शर्यत एप्रिलच्या शेवटी. म्हणून शिम, म्हणजे पातळ चकती. स्प्रिंगच्या तळाशी कडक पोलादी शिम घातला की स्प्रिंग तेवढी जास्त दबते. कॅप हलत नाही, सील हलत नाही, त्यामुळे मधल्या जोडीची सीलची जागा तशीच राहते. ३ नंबरच्या इनलेटला १.५ मिमी, उंची ३८.१. २ च्या इनलेटला १.५, उंची ३७.९. २ च्या एक्झॉस्टला १.०, ३ च्या एक्झॉस्टला १.२५. कडेच्या जोडीत १ च्या एक्झॉस्टला फक्त पाव मिलिमीटर. आठही उंच्या ३८ च्या वर-खाली ०.२ मध्ये आणल्या, म्हणजे भारात पाऊण किलोचा फरक. हेड ॲल्युमिनियमचं आहे, स्प्रिंग थेट त्याच्यावर कधी ठेवायची नाही, तळाला पोलाद हवंच. नाहीतर स्प्रिंगचं टोक हेड खात जातं आणि उंची आपोआप वाढत राहते.

शिमांचा एकूण खर्च दोघांच्या जेवणाइतका. हे मुद्दाम सांगतो.

स्प्रिंगाही एकेक टेस्टरवर घेतल्या, ३८ ला. आठ जोड ३१.२ पासून ३२.९ पर्यंत निघाले. एका खोक्यातल्या स्प्रिंगांत इतका फरक चालतो. जास्त भरलेले चार जोड इनलेटला लावले, कारण इनलेटचा व्हॉल्व्ह मोठा आणि जड. टेस्टरवर ठेवताना किंवा काढताना स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं नाही, हे दुकानातल्या पोरांना शंभरदा सांगतो. स्प्रिंगच्या पृष्ठभागावर छर्रे मारून तो घट्ट केलेला असतो. एक ओरखडा पडला की तुटायची जागा तयार झाली.

कडेच्या जोडीसाठी गाइडचं वरचं टोक १.२ मिमी कापलं. हातात धरून नाही, गाइडच्या भोकात पायलट घालून, कटर सरळ ठेवून. सीलसाठी खालची पायरीही तेवढीच उतरवली, नाहीतर सील घट्ट न बसता वरच राहतं. आता कॅप आणि सील यांत ११.३, उचल वजा केली की १.५ उरतात. आतली स्प्रिंग सीलच्या बाजूला घासत नाही ना, हेही तिथेच पाहून घेतलं. जोड स्प्रिंगमध्ये आतलीचा व्यास लहान असतो आणि मूळ सील एकेरी स्प्रिंग डोळ्यांपुढे ठेवून केलेलं असतं. आमच्याकडे बाजूने अर्धा मिलिमीटर मोकळा होता. जेमतेम, पण होता.

लॉक आणि कॅप यांचा मेळ जानेवारीत मी पाहिला नव्हता, तो आता पाहिला. नवीन कॅप, जुने लॉक. लॉकचा बाहेरचा उतार आणि कॅपच्या भोकाचा उतार एकच असावा लागतो. नसला तर लॉक एका कडेवर टेकतो आणि एक दिवस व्हॉल्व्ह सिलेंडरमध्ये सोडून देतो, मग पिस्टनसकट सगळं जातं. लॉकला निळी शाई लावून कॅपमध्ये दाबला, शाई पूर्ण उतारावर उठली. नशीब म्हणायचं, कारण मी तपासून घेतलेलं नव्हतं. ३ नंबरचे आपटलेले लॉक बदलले, तिथले टॅपेटचे स्क्रूही नवीन.

टोकावरच्या दाबाची जागा पाहायला व्हॉल्व्हच्या दांडीला मार्करने काळं केलं, हलक्या स्प्रिंगा घालून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं आणि पुसलेली पट्टी बघितली. २ आणि ३ मध्ये पट्टी मध्यभागी. १ आणि ४ मध्ये कडेला, अगदी काठाला लागून. तिथे दांडीवर १.२ मिमीच्या कडक टोप्या घातल्या, स्क्रू तेवढा आत गेला आणि पट्टी मधल्या तिसऱ्या हिश्श्यात आली. टोपीचं वजन नगण्य नाही, पण ती लहान आहे. तेवढी सूट मी दिली.

मिटण्याचा हिशेब: उंची ३८, उचल ९.८, पूर्ण उघडल्यावर स्प्रिंग २८.२ वर. मिटते २५.५ ला. २.७ मिमी शिल्लक. दीडपेक्षा कमी राहिले असते तर काम थांबवलं असतं. उघडलेल्या स्थितीत भार ६७ किलोच्या आसपास.

पिस्टनचं काय? मूळ आठ व्हॉल्व्हच्या या इंजिनात पट्टा तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही. पण तो भरवसा मूळ कॅमपुरता. आमचं हेड फेस मारून पातळ झालेलं आणि उचल वाढलेली. म्हणून पोरांच्या खेळण्यातली माती पिस्टनवर थापली, तेलाचा हात लावला, हेड जुन्या गॅस्केटवर बसवून सावकाश दोन फेरे. हेड काढून माती कापली आणि जाडी मोजली: इनलेटखाली २.९, एक्झॉस्टखाली ३.६. निदान दोन आणि अडीच हवेत, त्याच्या वर आहे, म्हणजे पुरे. व्हॉल्व्ह पिस्टनच्या सर्वात जवळ पिस्टन अगदी वर असताना येत नाही, त्याच्या दहाएक अंश इकडे-तिकडे येतो, म्हणून नुसतं वरच्या बिंदूवर मोजून भागत नाही.

टॅपेटचं क्लिअरन्स, म्हणजे स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधली फट, मूळ पुस्तकात थंड इंजिनावर इनलेट ०.१३ ते ०.१७ आणि एक्झॉस्ट ०.१६ ते ०.२० मिमी आहे. घासलेल्या कॅमसोबतच्या चिठ्ठीवर ०.२० आणि ०.२५. जानेवारीत माझ्या पोराने सवयीने जुनंच क्लिअरन्स लावलं होतं. चिठ्ठी खोक्याच्या तळाशी सापडली.

चालवून बघणं

पहिल्यांदा सुरू करताना आतल्या स्प्रिंगा काढून ठेवल्या. फक्त बाहेरच्या, साधारण २२ किलोवर. कॅम आणि चकाकी दिलेले पॅड नव्याने एकमेकांना भेटत होते, तेव्हा पूर्ण दाब कशाला? टोकांना हात फिरवून मॉली पेस्ट, जस्त-फॉस्फरस जास्त असलेलं ऑइल, आणि सुरू झाल्याबरोबर २,००० ते २,५०० वर वीस मिनिटं, आयडलला सोडायचं नाही. एप्रिलचं ऊन, शेडमध्ये पंखा गरम हवा फेकत होता आणि मालक पाण्याच्या तापमानाच्या काट्यासमोर बसून होता, हेड एकदा जळलंय म्हणून. मग थंड करून आतल्या स्प्रिंगा घातल्या. व्हॉल्व्ह खाली पडू नये म्हणून प्लगच्या भोकातून हवेचा दाब दिला आणि हेड न उतरवता काम उरकलं.

दुसऱ्या दिवशी मालकाच्या शेतातला मुरमाचा सरळ रस्ता. तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० पासून रेस. ६,३०० आलं, गेलं. ६,५००. ६,९०० ला मी हात वर केला. रेस सोडली, मागे फक्त धूळ. "काय ओ, धूर कुठाय?" मालकाने मान मागे वळवून विचारलं.

इग्निशनच्या डब्यात मर्यादा ६,८०० ला बांधली. मालक ७,२०० मागत होता. वर्गाचा तोच हिशेब दाखवला: ६,८०० वरून ७,२०० म्हणजे स्प्रिंगवर १२ टक्के जास्त मागणी, आणि आपल्याकडे शिल्लक तेवढी नाही. पुढे जायचं असेल तर वजन कमी करावं लागेल, हलक्या कॅपा, हलके व्हॉल्व्ह, रॉकरचं काम. दाब वाढवून नव्हे.

शर्यत झाली. कितवा आला ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, म्हणजे पहिल्या तिनांत नसावा. पावसाआधी गाडी तपासायला आली. कव्हर उघडून दोन स्प्रिंगा काढल्या, टेस्टरवर ३८ ला एक ३१.१, दुसरी ३०.८. पहिल्या तापण्यात एवढा भार उतरतो, तो धरूनच निवड करायची असते. १ आणि ४ ची सीलं कोरी. टोप्यांवरची पट्टी मध्यभागी. ३ नंबरच्या इनलेटचं क्लिअरन्स ०.२० वरून ०.१६ झालं होतं. म्हणजे ती दोनदा कापलेली सीट आणखी थोडी बसली, व्हॉल्व्ह आणखी वर सरकला. चार शतांश मिलिमीटर. भारात तो फरक नगण्य आहे, पण दिशा कोणती ते कळलं.

दिवाळीनंतर हेड पुन्हा उतरेल, २ आणि ३ ला नवीन सीटा बसतील, त्यांच्याखालचे शिम निघतील. मग तिथेही घासलेल्या कॅमचं सव्वा मिलिमीटर उघडं पडेल, सीलची जागाही कडेच्या जोडीसारखीच अपुरी होईल, म्हणून मधल्या दोन सिलेंडरांसाठी चार टोप्या आणि गाइडचा कटर आत्ताच काढून ठेवलेत.